नाम की क्रियापद? आधी वाक्य दाखव

चि. सानिका,

तुझ्या इंग्रजी शब्दवहीचे फोटो आईने पाठवले. एसला पुरवणी जोडावी लागली आणि एक्सचं पान झायलोफोनवरच अडलं, याची खंत नको. मोठ्या इंग्रजी कोशांतही एसचाच भाग सगळ्यांत जाड असतो. एसटी, एसपी, एसएच, एसटीआर अशा किती जोड्या त्या एका अक्षराने सुरू होतात बघ. एक्सने सुरू होणारे बरेचसे शब्द ग्रीकमधून आलेले, म्हणून तिथे गर्दी नाही.

अक्षरक्रम ही शब्द शोधण्याची सोय आहे, आणि तीसुद्धा लोकांना शिकवावी लागली. 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्रीचा कोश लंडनमध्ये छापला गेला. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा तो पहिला कोश मानतात. त्यात त्याने वाचकांना चक्क बजावलंय, की शब्द ए ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या आरंभी बघा, व्ही ने होत असेल तर शेवटाकडे!

माझं भांडण तुझ्या ‘नाम/क्रियापद’ या रकान्याशी आहे. ‘वॉटर’पुढे तू नाम लिहिलंस. मग ‘वॉटर द प्लांट्स’चं काय करायचं? मराठी कोशात शिंपणे, धावणे, लिहिणे ही क्रियापदं ‘णे’ लावूनच भेटतात. चेहऱ्यावरून ओळखू येतात. इंग्रजी शब्दाला अशी खूण बहुधा नसते. तिथे जागा बघावी लागते. ‘अ रन’ म्हटलं की धावफलकावरची धाव, ‘दे रन’ म्हटलं की धावणारी माणसं. ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ यांच्या पाठोपाठ क्रियापद येतं. ‘अ’ किंवा ‘द’ आला की पुढे कुठेतरी बहुतेक वेळा नाम असतं. लगेच नसेल, मध्ये एखादं विशेषण घुसलेलं असेल.

काही जोड्यांत कानही मदत करतो. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर आणि उच्चार ‘रिकॉर्ड’कडे झुकतो. (आपल्याकडे बहुतेक जण दोन्ही सारखंच म्हणतात, ते सोड.) ‘अ‍ॅडव्हाइस’ म्हणजे सल्ला, शेवटी स, सल्ला देणं म्हणजे ‘अ‍ॅडव्हाइझ’, शेवटी झ. ‘यूज’चंही तसंच. नाम असेल तर शेवटी स ऐकू येतो. ‘यूज’चं स्पेलिंग मात्र दोन्हीकडे एकच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाठांतर करणाऱ्याला हा फरक कधी कळतच नाही.

तेव्हा तो रकाना रुंद कर आणि त्यात शिक्क्याऐवजी छोटं वाक्य लिही. ‘बुक’सारख्या शब्दाला दोन लागतील, तिकीट आपण बुक करतोच की! शब्द कमी झाले तरी चालतील.

परीक्षेत मात्र सुटा शब्द देऊन त्याची जात विचारतात. माझ्या मते तो प्रश्नच अर्धवट असतो. तरी दिलेले पर्याय बघ, त्यातल्या त्यात योग्य ते लिही आणि मार्क सोडू नकोस.

तुझे
आजोबा