कळसूबाईची अट

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण बहुधा उपहासानें वापरतों. लांबून ज्याचें कौतुक वाटलें, जवळ गेल्यावर त्याचा विरस झाला, एवढाच अर्थ आपण तिच्यांत पाहतों. परंतु या तीन शब्दांत सौंदर्यशास्त्राचा एक मोठा सिद्धान्त दडलेला आहे, आणि त्याच्या पोटांत एक नैतिक पेंचही आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे.

सिद्धान्त कांटाचा. इ. स. १७९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत या जर्मन तत्त्ववेत्त्यानें ‘भव्या’ची मीमांसा केली. अंगावर कोसळतील असे भासणारे कडे, गडगडणारे मेघ, ज्वालामुखी, मोठ्या नदीचा उंच धबधबा, हीं दृश्यें जितकीं भयंकर तितकीं मनास अधिक ओढून घेतात. मात्र पाहणारा स्वतः सुरक्षित असला पाहिजे. सृष्टीच्या त्या अफाट बळापुढें आपलें शरीर कस्पटासमान आहे हें कळत असतांही मन दबत नाहीं, आणि त्यांतून मनुष्यास आपल्या अंतरींच्या थोरवीचा प्रत्यय येतो, असें त्याचें म्हणणें. (ज्यानें हें लिहिलें त्यानें क्यॉनिग्सबर्गचा सपाट मुलूख जन्मांत फारसा सोडला नाहीं. दुरून डोंगर साजरे तें असे!)

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत रंधा येथें प्रवरा नदी सुमारें १७० फूट खालीं झेप घेते. श्रावणांत तेथें उभें राहिलें असतां कांटाचें अक्षर न् अक्षर खरें वाटतें. धबधबा डोळ्यांस दिसण्यापूर्वीं त्याचा घोष छातींत भरतो. पाणी काळ्या कातळाच्या घळींत कोसळतें. तळ दिसतच नाहीं, तुषारांचा धूर तेवढा वर येत राहतो. भोंवतालच्या प्रदेशांत कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग आणि जेथें प्रवरा उगम पावते तो रतनगड. ढग क्षणभर फाटला कीं त्यांतील एखादें शिखर दिसतें आणि पुन्हा मिटतें. आम्ही अर्थातच कठड्याच्या अलीकडे. खरें पाहतां तो कठडा हाच कांटाच्या सिद्धान्ताचा आधारस्तंभ होय.

१९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. तेव्हांपासून प्रवरेस पाणी किती सोडावयाचें हें मनुष्य ठरवितो, म्हणून हा धबधबा अस्सल नव्हे असें म्हणणारे रसिक आहेत. आम्हांस त्यांत उणें दिसत नाहीं. त्या पाण्यानें खालच्या पठारावर हजारों संसार उभे केले. उणें आहे तें निराळेंच. याच डोंगरांत इतका पाऊस पडतो, पण उतार पाण्यास थांबूं देत नाहीं आणि खडक तें धरीत नाहीं. चैत्र-वैशाखांत वरच्या वाड्यांतील बायका हंडे घेऊन पाण्यासाठीं वणवण करतात. आणि पावसाळ्यांत, आम्ही तुषारांचें कौतुक करीत असतांना, त्याच इरलें किंवा प्लॅस्टिकचा कागद पांघरून, कमरेंत वांकून भाताची आवणी करीत असतात. त्यांच्या आणि पावसाच्या मध्यें कठडा नाहीं.

अशा माणसांविषयीं कांटानें लिहिलें आहे. असंस्कृत मनास हीं दृश्यें केवळ भयप्रद वाटतात असें सांगून तो सॅव्हॉय प्रांतांतील एका शेतकऱ्याचा दाखला देतो. द सोस्यूर हा जिनीव्हाचा शास्त्रज्ञ आल्प्सच्या हिमपर्वतांत हिंडत असे. त्याच्या प्रवासवर्णनांतला हा शेतकरी हिमशिखरांच्या साऱ्या शौकिनांना खुशाल मूर्ख ठरवितो. कांटाचा प्रामाणिकपणा असा कीं, केवळ हौसेखातर किंवा मागाहून रसभरित वर्णन करण्यासाठीं सोस्यूर तो धोका पत्करता, तर शेतकऱ्याचें फारसें चुकलें नसतें, हेंही तो सुचवितो. सोस्यूर लोकांच्या ज्ञानासाठीं गेला, म्हणून सुटला. आपण कशाच्या बळावर सुटणार?

तथापि ‘असंस्कृत मना’चें तें मत आम्हांस मान्य करवत नाहीं. कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फुटांचें, महाराष्ट्रांत सर्वांत उंच. त्याच्या नांवाची कथा १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरांत नमूद आहे. कळसू ही रानांत हिंडण्याची आवड असलेली कोळ्याची पोर. पायथ्याच्या इंदोरे गांवीं ती एका कोळ्याच्या घरीं चाकरीस राहिली. अट एवढीच कीं, भांडीं घासणार नाहीं आणि केर काढणार नाहीं. कांहीं काळ सुरळीत गेला. मग एके दिवशीं घरांतल्या कोणी तिला भांडीं घासावयास सांगितलीं. तिनें तीं घासलीं, आणि लागलीच डोंगर चढून गेली ती मरेपर्यंत तेथेंच राहिली. भांडीं घासलीं त्या जागेस थाळेमेळ म्हणतात. ज्यांनीं ही कथा रचली त्यांना त्या शिखराची भव्यता कळली नव्हती काय? त्यांनीं त्याची उंची एका मोलकरणीच्या मानानें मोजली. भव्य तें बाहेर नसून मनुष्याच्या मनांत आहे, असें कांट म्हणतो. कोळ्यांनीं तेंच सांगितलें, आणि कठड्याशिवाय सांगितलें.

आज पावसाळ्यांतील शनिवार-रविवारीं या डोंगरांत मोटारींची रांग लागते. सरोवराच्या कांठीं तंबू उभे राहतात, गांवांत घरोघरीं पाहुण्यांना पिठलें-भाकरी मिळते. त्यांत आम्ही वाईट मानीत नाहीं. जेथें भातापलीकडे फारसें पिकत नाहीं तेथें चार पैसे हातांत येणें लहानसहान नव्हे. तिऱ्हाइतानें त्याबद्दल उसासे टाकणें हा तर फारच स्वस्त रसिकपणा. परंतु जेवणें झाल्यावर ताटें कोण घासतें, इकडे आमचें लक्ष वारंवार जाऊं लागलें. कळसूच्याच मुलखांतल्या लेकी-सुना तीं घासतात. चाकरी कळसूनेंही केली होती; तिचा राग चाकरीवर नव्हता, ठरलेलें मोडलें यावर होता. या बायकांशीं कोणी कांहीं ठरविलें आहे काय?

एका वाडींत आम्ही जेवणाचा दर पुसला. बाईनें तो सांगितला, भाकऱ्या किती लागतील तें विचारून घेतलें, आणि चुलीकडे वळतां वळतां म्हणाली, ‘‘ताटं मात्र ज्याची त्यानं धुवायची, बाबा. आधीच सांगते.’’ ओढा पलीकडेच होता. आम्ही सहाजण पावसांत एका रांगेनें बसलों.