मधल्या वाटेची प्रार्थना

आई मुंबादेवी, तुझं पहिलं देऊळ बोरीबंदराकडे होतं म्हणतात. कोळ्यांची तू. पुढे अठराव्या शतकात इंग्रजांना किल्ल्याभोवतीची जागा हवी झाली आणि तुला भुलेश्वराच्या बाजूला जावं लागलं. तू गेलीस, आणि त्याच बोरीबंदरावरून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याची गाडी सुटली. १८८८ साली स्टीव्हन्ससाहेबाची ती देखणी इमारत पुरी झाली आणि तिच्या घुमटावर हाती मशाल धरलेली प्रगती नावाची बाई उभी राहिली. आता ऑक्टोबर २०२५ पासून त्या इमारतीच्या शेजारी, जमिनीखाली, मेट्रोसुद्धा थांबते. पुढचं स्थानक काळबादेवी. तुला इथून उठवून जिकडे नेलं, तिकडेच ही गाडी दोन-चार मिनिटांत पोचते.

या मार्गावर महालक्ष्मी आहे, सिद्धिविनायक आहे, शीतलादेवी आहे. तुझ्या नावाचं स्थानक तेवढं नाही. अख्खं शहर तुझ्या नावाचं असताना एका पाटीसाठी तू रुसणार नाहीस, हे ठाऊक आहे. तरी चुटपुट लागते.

आधी माफी मागते. साडेतेहतीस किलोमीटरची वाट, सत्तावीस स्थानकं, त्यातली सव्वीस तुझ्या पोटात. हा काळा खडक सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो आम्ही यंत्रं लावून पोखरला. त्या यंत्रांना नावं दिली वैतरणा, गोदावरी, कृष्णा, तापी, तानसा. ज्याला ही नावं सुचली त्याच्या मनात थोडी धाकधूक असणार. खडकात शिरायचं तर निदान नद्यांच्या आडून शिरावं. आरेतली झाडं गेली, ती रात्रीची गेली, हेही तू पाहिलंस. आणि गिरगाव-काळबादेवीतल्या ज्या बिऱ्हाडांना या कामापायी चाळीतून उठावं लागलं, त्यांचं दुःख तुला मी काय सांगू? त्यांना त्यांच्याच गल्लीत, त्यांच्या हयातीत, हक्काचा उंबरा मिळू दे.

पण आज माझं मागणं गाड्यांसाठी नाही. गाड्यांची काळजी घ्यायला इंजिनिअर आहेत, मोटरमन आहेत, सिग्नलवाले आहेत. माझं मागणं आहे ते एका गाडीतून उतरून दुसरीत बसेपर्यंतच्या चालण्यासाठी. लोकलच्या सात फलाटांवरून, मेलगाड्यांच्या अकरांवरून, सबवेतून, सरकत्या जिन्यांवरून खाली वीस-पंचवीस मीटर. ही वाट कुणाची नसते, आई. रेल्वे म्हणते आमची हद्द संपली, मेट्रो म्हणते आमची अजून सुरू व्हायची आहे, आणि रस्ता महापालिकेचा. माणूस मात्र तिथे सलगच चालत असतो.

या मधल्या वाटेनंच तर घात केला होता. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी स्टेशनाबाहेरचा हिमालय पूल कोसळला आणि माणसं गेली. जीटी रुग्णालयात रात्रपाळीला निघालेल्या परिचारिका त्यांत होत्या. त्या गाडीतून सुखरूप उतरल्या होत्या ग. म्हणून म्हणते, इथल्या प्रत्येक पायरीवर, प्रत्येक कठड्यावर, छताच्या प्रत्येक सांध्यावर तुझी नजर असू दे. आणि तपासणीच्या कागदावर सही करणाऱ्याला तो कागद आधी वाचायची बुद्धी दे.

पाण्याचंही बघ. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी घुसलं तेव्हा ते सुरू होऊन पंधरवडा-तीन आठवडेच झाले होते. सात बेटं जोडून केलेलं गाव हे. भर टाकून बुजवलेल्या जागा समुद्र विसरत नाही. त्याला तुझ्याशिवाय कोण समजावणार?

खाली फलाटाला काचेच्या भिंती आहेत. गाडी आली की गाडीचं दार आणि भिंतीचं दार एकदम उघडतं. कुणी पडणं शक्य नाही. पाहून जीव निवतो आणि लगेच पोटात कालवतं. कारण वर, त्याच इमारतीत, दारात लोंबकळत लोकल येतेय. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकलमधून माणसं पडली आणि मेली, त्यातली एक गाडी इथेच यायची होती. एकाच दिवसात एकच माणूस कसाऱ्याहून दाराशी लटकत येतो आणि खाली काचेआड सुरक्षित उभा राहतो. त्याचा जीव वर स्वस्त आणि खाली महाग, असं कसं चालेल? खालची काळजी वरच्या फलाटांपर्यंत चढू दे.

आणि भाडं. मेट्रोचं दहापासून सत्तर रुपयांपर्यंत, लोकलचं पाचापासून. पासवर महिना ओढणाऱ्या बाईला रोज खाली उतरणं परवडत नाही; ती वरूनच बेस्टच्या रांगेत उभी राहते नाहीतर पायी निघते. तिच्या पर्सला झेपेल असा पास कुणाला तरी सुचू दे. खालच्या थंड हवेची गरज तिलाच जास्त आहे.

मेट्रो सुरू झाली तेव्हा भुयारात फोनला रेंज नव्हती. लोक वैतागले, मीही वैतागले. खरं सांगायचं तर, एवढी माणसं फोनमधून मान वर काढून एकमेकांना रस्ता विचारताहेत हे बघायला बरं वाटलं होतं. रेंज दे आई, पण विचारायची सवयही ठेव. विचारणाऱ्याला उत्तरही नीट मिळू दे. याच स्टेशनात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळ्या सुटत असताना विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक आपल्या खोलीतून लोकांना सांगत राहिले की या बाजूनं नको, त्या बाजूनं बाहेर पडा. किती जीव त्या आवाजानं वाचले! हल्लीच्या घोषणा टेप केलेल्या, उच्चार चोख. प्रसंग आलाच तर त्या यंत्रामागे एक जागं माणूस असू दे.

लाल डगलेवाल्या हमालांना सांभाळ. सामानाला चाकं लागली तेव्हाच त्यांचं अर्धं काम गेलं, आता लिफ्ट आली.

शेवटी एकासाठीच मागते. सकाळी सोलापूरची सिद्धेश्वर लागते, तिच्यातून धोतर नेसलेले एक आजोबा उतरतील. असे रोज कुणी ना कुणी उतरतातच. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल, काम मंत्रालयात. खाली उतरून हुतात्मा चौक, चर्चगेट आणि तिसरं विधान भवन. एवढंच जायचं आहे त्यांना. सरकत्या जिन्यापुढे ते थबकतील, तेव्हा मागच्या घाईतल्या पोराला त्यांचा हात धरायला लाव. तिकिटाच्या यंत्रापाशी कुणीतरी त्यांचे सुटे पैसे मोजून घेवो. साहेब जागेवर असू दे. फाइलवर सही होऊ दे. आणि रात्रीच्या परतीच्या गाडीत त्यांचं आरएसी कन्फर्म होऊ दे, जमलं तर खालचा बर्थ.