ओरिजिनल आहे का?

जुनी मोटारसायकल दुरुस्त करून रस्त्यावर आणणाऱ्या माणसाला लोक तीन प्रश्न विचारतात. पहिला, ‘खर्च किती आला?’ दुसरा, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि तिसरा, ‘ओरिजिनल आहे का?’ पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत, एक घरातलं आणि एक बाहेरचं. दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागत नाही. विचारणाराच ‘टू-स्ट्रोक म्हणजे काय देणार म्हणा!’ असं म्हणून स्वतःचं समाधान करून घेतो. मी अडतो तो तिसऱ्यापाशी. प्रश्न दिसायला पानवाल्यानं सहज विचारावा इतका साधा. पण त्याच्या पोटात शिरलं की माणूस ग्रीसपासून जपानपर्यंत भटकून येतो, आणि गाडी आपली जिथल्या तिथे स्टँडवर.

माझी गाडी यामाहा आर.एक्स. १००. ९८ सी.सी., अकरा अश्वशक्ती. ऐंशीच्या दशकात होंडा, सुझुकी, कावासाकी, यामाहा अशा जपानी सुना एकापाठोपाठ एक देशी घराण्यांत आल्या. यामाहाचं लग्न एस्कॉर्ट्सशी झालं. १९८५ साली ही गाडी आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. मी ती घेतली १९८९ साली, बँकेत कायम झाल्यावर. तोवर आमच्या गल्लीत गाडी सुरू करायची म्हणजे घरातल्या दोघांनी ढकलायची अशी रीत होती. ही एका किकमध्ये सुरू व्हायची. शेजाऱ्यांना ते जरा उद्धटपणाचंच वाटे.

मग संसार वाढला, स्कूटर आली, स्कूटरमागून चारचाकी आली आणि यामाहा जिन्याखाली गेली. वीस-बावीस वर्षं तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर रद्दी आणि रद्दीवर मांजर अशी उतरंड होती. निवृत्त झाल्यावर मी मांजर, रद्दी, ताडपत्री या क्रमाने खाली आलो आणि गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी टाकीत बोट घातलं, गंजाचा वास घेतला आणि म्हणाले, “साहेब, जीव आहे. पण बाकी काही नाही.”

ते खरंच होतं. इंजिन खोललं. सिलिंडर बोअर करून वाढीव मापाचा पिस्टन घातला. रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, क्लच प्लेटा नव्या. चेन, स्प्रॉकेट, टायर, केबली, वायरिंग, सीट, सगळं नवं. काही भाग दुकानातून आले, काहींसाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारच्या रविवारी उकिडवा बसून ढीग उपसले. शेवटी मिस्त्रींनी काढलेले सगळे भाग एका पोत्यात भरून माझ्या हवाली केले. “मोजून घ्या साहेब. नंतर म्हणाल, मिस्त्रीनं माल ठेवून घेतला.”

एका हाताला चकचकीत मोटारसायकल आणि दुसऱ्या हाताला पोतं, असा मी घरी आलो. ही दारात उभी. दोहोंकडे नीट पाहून म्हणाली, “अहो, यातली आपली गाडी कुठली?”

वाचकहो, या प्रश्नावर युरोप जवळजवळ दोन हजार वर्षं अडून बसला आहे. थीसियस नावाच्या ग्रीक वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की ती काढायची आणि नवी ठोकायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहिलं का, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले, असं प्लूटार्कनं लिहून ठेवलंय. पुढे सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजानं आगीत तेल ओतलं. काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर थीसियसचं जहाज कोणतं? म्हणजे प्रश्न पोत्याचाच. फरक इतकाच की हॉब्जनं फळ्यांचं पुढे काय करायचं ते सांगितलं नाही. हिनं भंगारवाल्याला बोलावलं. त्याच्या तराजूला लोखंड आणि ॲल्युमिनियम एवढे दोनच पदार्थ ठाऊक होते. पाचव्या मिनिटाला हॉब्जचा निकाल रोख लागला.

आपल्याकडे हा वाद त्याआधीच होऊन गेलाय. मिलिंद राजा रथात बसून नागसेन भिक्षूंकडे आला. ज्यांच्या नावानं डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलं आणि तो परिसर नागसेनवन झाला, तेच हे दोघे. नागसेनांनी राजाला विचारलं, रथ म्हणजे काय? आस? चाकं? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी त्याला कबूल करावं लागलं, की हे सगळे भाग जुळले म्हणजे त्याला आपण रथ म्हणतो. रथ हे नाव आहे. नागसेनांना जुन्या बाजारात न्यायला हवं होतं. तिथे चाक, आस, दांडी सुटी सुटी पडलेली असतात आणि विकणारा प्रत्येक तुकड्यावर हात ठेवून ‘ओरिजिनल’ म्हणतो.

सरकारचं उत्तर सगळ्यांत सोपं. आर.टी.ओ.त चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, आकडे उमटले, ते पुस्तकातल्या आकड्यांशी जुळले, की गाडी तीच. मात्र ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायचं तर २०२१च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटायला हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. म्हणजे सरकारच्या लेखी माझी गाडी अजून तरणीताठी आहे. तिच्याकडून पर्यावरण कर मात्र म्हातारी म्हणून घेतात.

मी हे हिला कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, “आणि तुमचा चासी नंबर कुठे आहे?”

हा घाव वर्मी बसला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूनंतर बसवलेली भिंगं आहेत, दोन दाढांवर टोपणं आहेत आणि हृदयाच्या एका नळीत बारीकशी जाळी आहे. एवढे सुटे भाग बदललेला माणूस मोटारसायकलीच्या ओरिजिनलपणाची चौकशी करत हिंडतो, हे शोभत नाही. आणि थट्टेखाली तिची काळजी होती, हेही मला कळत होतं. जिन्याखालून गाडी बाहेर निघाली तेव्हा तीस वर्षांचा मुलगा बाहेर निघाला, असं मला वाटत होतं. हिला दिसत होता जाळी बसवलेला नवरा. म्हणून ठरलं ते असं : हेल्मेट, रविवारची सकाळ आणि तासाभराच्या आत परत. त्यात आणखी एक न्याय होता. टू-स्ट्रोक इंजिनात थोडं पेट्रोल जळण्याआधीच धुराबरोबर बाहेर निसटतं. माझ्या तारुण्याचा वास साऱ्या गल्लीनं रोज का घ्यावा?

तरी तो प्रश्न राहतोच. त्याचं मला पटलेलं उत्तर गाडीच्या माहेरी सापडलं. जपानात इसे येथे एक मोठं देवस्थान आहे. तिथली मुख्य देवळं दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाची जशीच्या तशी बांधतात आणि जुनी उतरवतात. ही प्रथा सातव्या शतकापासूनची. मध्यंतरी युद्धांमुळे शंभराहून अधिक वर्षं खंड पडला, पण ती पुन्हा उभी राहिली. २०१३ साली बासष्टावी बांधणी झाली. लाकूड वीस वर्षांचं आणि देऊळ तेराशे वर्षांचं! वीस वर्षांत एका सुताराच्या हाताखाली दुसरा सुतार तयार होतो. लाकूड बदलतं, हात चालू राहतात.

हे वाचलं आणि मला मिस्त्री आठवले. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी लावून ते डोळे मिटतात आणि “डावीकडचं बेअरिंग बोलतंय” म्हणतात. पिस्टन मिळतो, रिंगा मिळतात, तो कान कुठे मिळत नाही. त्यांच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे आणि ते बरं चाललंय, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण हे कान गेले की माझी गाडी शंभर टक्के ओरिजिनल असूनही भंगार होईल. मी आता रविवारी परतताना गॅरेजात थांबतो. प्लग कसा साफ करायचा, कार्ब्युरेटर कसा लावायचा, हे या वयात शिकतोय. मिस्त्री म्हणतात, “साहेब, हात अजून बँकेतलाच आहे.”

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. टाकीला उजव्या बाजूनं एक पोचा आहे. आमचे अण्णा सायकलीपलीकडे कधी गेले नव्हते. निवृत्तीनंतरच्या वर्षी, घरात कुणी नाहीसं पाहून, त्यांनी ही गाडी काढली आणि अंगणातल्या तुळशीवृंदावनाला नेऊन लावली. संध्याकाळी वृंदावनाचा कोपरा उडालेला, टाकीला पोचा आणि अण्णा गंभीर चेहऱ्यानं पेपर वाचताहेत. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. ते गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. वाडा पाडून तिथे इमारत झाली, त्यात वृंदावनही गेलं.

मिस्त्रींचा रंगारी पुट्टी भरायला निघाला होता. मी नको म्हटलं. “अहो साहेब, एवढा खर्च केलात, आणि पोच्यापायी गाडी ओरिजिनल दिसणार नाही!” मी त्यांना म्हटलं, “मिस्त्री, सगळ्या गाडीत तेवढंच ओरिजिनल उरलंय.” पोच्यावरूनच रंग मारला आहे. उन्हात गाडी उभी केली की तेवढ्या जागी उजेड जरासा वाकतो.

आता सिग्नलला कॉलेजची पोरं शेजारी येऊन थांबतात आणि चौथा प्रश्न विचारतात. “काका, द्यायची का?” आकडाही सांगतात, आणि तो आकडा घरातल्या उत्तरापेक्षा बराच मोठा असतो. मी त्यांना काही बोलत नाही. ती भाव करणार टाकीचा, इंजिनाचा, कागदपत्रांचा. पोच्याचे किती धरायचे, हे सांगायला सिग्नलचा वेळ पुरत नाही.