नमाज आणि शेजारणीची वाटी

॥ श्री गुरवे नमः ॥



रमजानचा महिना चालू आहे. हैदराबाद, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा... आपले बहुतेक परिवार अशा वस्त्यांत राहतात की पहाटे आपण काकड्याला उठायच्या आधी शेजारच्या घरात सहरीसाठी चूल पेटलेली असते. पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलो, पण त्या घरात मुलांना नेमकं काय शिकवलं जातं हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. म्हणून या वेळच्या चिंतनाला आम्ही विषय घेतला तो इस्लाममध्ये इतरांशी चांगुलपणानं वागण्याला काय स्थान आहे, हा. लिहायला बसताना आम्ही सेवेकरी भगिनींनी एक ठरवलं होतं. "सगळे धर्म एकच सांगतात" हे वाक्य लिहायचं नाही. ते खरं असेलही, पण ते म्हटलं की पुढचं ऐकायची गरजच उरत नाही, सगळे माना डोलावतात आणि चहा येतो.

सुरुवात नावापासून करू. कुराणात 114 सूरा, म्हणजे अध्याय आहेत. त्यातला नववा सोडला तर प्रत्येकाचा आरंभ अल्लाहच्या नावानं होतो, आणि त्या नावाला लागून लगेच दोन विशेषणं येतात, रहमान आणि रहीम. दोन्हींचा अर्थ दयाळू, कृपाळू असाच. शक्ती, राज्य, न्याय यांची नावंही आहेतच, पण दारातून आत शिरताना ही दोन. आणि आपल्याला बायकांना विशेष वाटावं असं म्हणजे अरबीत आईच्या गर्भाशयाचा शब्दही याच धातूपासून आलेला आहे. पैगंबरांनी स्वतः हा संबंध जोडून दाखवला आणि रक्ताची नाती तोडू नका असं बजावलं. आपण गुरूला माउली म्हणतो, तेव्हा हे समजायला आपल्याला शब्दकोश लागू नये.

पण खरा विषय पुढे आहे. कुराणाच्या शेवटाकडे 107 वी सूरा आहे, तिचं नाव माऊन. अवघ्या सात आयती. नमाज शिकणाऱ्या मुलांना पाठ असते, कारण लहान आहे. तिचा आशय असा: धर्माला खोटं ठरवणारा माणूस कोण, हे पाहिलंत का? जो अनाथाला धक्का मारून हाकलतो तो. भुकेल्याला जेवू घालायला जो दुसऱ्याला सांगतही नाही तो. मग एकदम नमाज पढणाऱ्यांनाच सुनावलंय की त्यांचा नाश होवो, ज्यांचं नमाजात लक्ष नाही, जे लोकांना दिसावं म्हणून करतात आणि 'माऊन' द्यायला नकार देतात.

आता हे माऊन म्हणजे काय? काही भाष्यकार म्हणतात जकात. पण पैगंबरांचे सोबती इब्न मसऊद यांनी सांगितलेला अर्थ ऐकला आणि आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. ते म्हणाले, माऊन म्हणजे माणसं एकमेकांकडून मागून नेतात त्या वस्तू. कुऱ्हाड, पातेलं, बादली. मीठ, पाणी, विस्तव ही नावंही भाष्यांत येतात. म्हणजे आपल्या भाषेत विरजण, वाटीभर साखर, सांडशी, मोठी परात, पाहुणे आले म्हणून नेलेल्या चार खुर्च्या. ज्या दिल्यानं आपलं काही कमी होत नाही, आणि तरी "नाही हो, आमच्याकडे पण संपलंय" असं आपण दारातूनच सांगतो, त्या.

जरा थांबून विचार करा. देवाच्या दरबारात नमाज करणाऱ्याचा हिशेब चाललाय आणि तिथे निघतंय काय, तर शेजारणीला नाकारलेलं पातेलं! पूजा मोठी की पातेलं मोठं, असा तो प्रश्नच नाही. ज्याला पातेलं देववत नाही त्याची पूजाही आतून पोकळ आहे, असं ते सांगणं आहे. सोवळ्यात तीन तास बसून उठल्यावर पहिलं वाक्य कामवालीवर ओरडण्याचं निघतं, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. नावं नकोत.

यालाच जोडून हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत, दोन बायकांची हकिकत आहे. कोणीतरी पैगंबरांना सांगितलं की अमुक एक बाई रात्र रात्र नमाजात घालवते, दिवसा रोजे धरते, दानधर्मही करते, पण तिच्या जिभेचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास. ते म्हणाले, तिच्यात काही चांगलं नाही, ती नरकात जाईल. मग दुसरीचं सांगितलं. ही नेमापुरते नमाज-रोजे करते, दान म्हणाल तर सुकवलेल्या दह्याचे तुकडे देते, पण कोणाला दुखवत नाही. ही स्वर्गात, असा निकाल मिळाला. सुकं दही! वाळवंटातल्या गरीब घरात असायचं तेच. किती दिलं याला महत्त्वच नाही. पैगंबरांनी बायकांना वेगळं सांगितलं होतं की शेजारणीनं पाठवलेली वस्तू क्षुल्लक समजू नका, अगदी बकरीचा खूर असला तरी. आणि आपले सोबती अबू जर यांना तर स्वयंपाकातलीच युक्ती दिली. रस्सा कराल तेव्हा पाणी थोडं जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. डाळीत पाणी वाढवून चार ताटं जास्त वाढणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणी शिकवावं लागलं नसतं. पण तिथे ते धर्माज्ञा म्हणून आलंय, हा फरक लक्षात घ्या.

पत्नी आयशा यांनी एकदा विचारलं, शेजारी दोन आहेत, भेट पाठवायची तर आधी कोणाला? उत्तर मिळालं, ज्याचं दार तुझ्या दाराच्या जास्त जवळ त्याला. जात विचारली नाही, नातं विचारलं नाही, दाराचं अंतर मोजलं.

जकातीचं थोडक्यात सांगून पुढे जातो. ठराविक मर्यादेवर शिल्लक असेल तर वर्षाला शेकडा अडीच या हिशेबानं ती द्यावीच लागते. ईदची नमाज होण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेसुद्धा, फित्रा म्हणून धान्य किंवा तेवढे पैसे गरिबाला पोचवायचे असतात, म्हणजे त्याच्याही घरी सण होतो. हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याहून महत्त्वाची वाटली ती कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली एक गोष्ट. दान देऊन नंतर बोलून दाखवणं, मनाला लागेल असं काही ऐकवणं, यापेक्षा दोन गोड शब्द आणि क्षमा बरी, असं तिथे म्हटलंय. ऐकवून दिलेल्या दानाला उपमा दिलीय ती खडकावर साचलेल्या थोड्याशा मातीची. एक सर आली की माती वाहून जाते, खाली उघडा दगड. भावजयीला दिलेली साडी आपण पुढच्या चार लग्नांत आठवणीनं ओळखतो की नाही? "ही मी दिलेली ना गं?" झालं, गेली माती वाहून.

आता अवघड भाग. काही जण म्हणतील, हे सगळं त्यांचं त्यांच्यात असेल, दुसऱ्या धर्माच्या माणसाचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर त्याच ग्रंथांत आहे.

अब्दुल्ला इब्न अम्र हे पैगंबरांचे सोबती. त्यांच्या घरी बकरी कापली होती. नोकर ती सोलत होता आणि हे त्याला म्हणाले, झालं की वाटायला आपल्या यहुदी शेजाऱ्यापासून सुरुवात कर. पुन्हा म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिथल्या कोणाला तरी आश्चर्य वाटलं, यहुदी? तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. पैगंबर शेजाऱ्याबद्दल इतकं सांगत असत, की आता शेजाऱ्याला वारसाहक्कच देतात की काय असं आम्हाला वाटायला लागलं होतं. स्वतः पैगंबरही जिब्रील या देवदूताबद्दल असंच म्हणत, की तो शेजाऱ्यासाठी मला सारखा बजावत राहिला.

एकदा एका यहुद्याची प्रेतयात्रा समोरून गेली तेव्हा पैगंबर उठून उभे राहिले. लोक म्हणाले, तो तर यहुदी होता. त्यांनी उलट विचारलं, तो जीव नव्हता का?

इथे एक खुलासा करावासा वाटतो. पैगंबरांच्या अंगावर रोज कचरा टाकणारी म्हातारी, ती आजारी पडल्यावर ते तिला भेटायला गेले, ही गोष्ट आपल्या ग्रुपांवर फार फिरते. चांगल्या हेतूनंच फिरते. पण हदीसच्या मान्य संग्रहांत ती नाही, इस्लामचे अभ्यासकच तसं सांगतात. जे नोंदलेलं आहे ते एवढं भरघोस आहे, की रचलेल्या गोष्टीची गरजच नाही. फॉरवर्ड करताना दुसऱ्याच्या धर्माबद्दल खरं तेच पाठवावं, वाईट असो की चांगलं.

फॉरवर्डचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मागे आपल्या एका गुरुभगिनीनं विचारलं होतं. त्यांच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या घरून वीसेक वर्षं ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो. गेल्या दोनेक वर्षांत घरातल्या ग्रुपवर काय काय येत राहिलं, आणि आता मुलगा म्हणतो, घ्यायचा नाही. सून काही बोलत नाही. सासूबाई घेतात पण कोणाला वाढत नाहीत. काय करावं?

शीरखुर्मा म्हणजे दूध, शेवया, खजूर, सुकामेवा, त्यात खाण्यापिण्याची अडचण काहीच नाही. अडचण मनाची आहे. आणि गंमत बघा, हाच प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी त्या बाजूनं विचारला गेलाय. अस्मा ही पैगंबरांचे जिवलग सोबती अबू बक्र यांची मुलगी. ती मदिनेला, तिची आई मक्केला, मूर्तिपूजकच राहिलेली. दोन्ही गावांत तह झाला तेव्हा आई लेकीला भेटायला आली. एका कथनात आहे की येताना तूप आणि सुकं दही घेऊन आली होती. अस्मानं ते घेतलं नाही, आईला घरातही घेतलं नाही, आधी विचारायला पाठवलं की ही आपल्या धर्माची नाही, हिच्याशी नातं ठेवू का? लेकीच्या दारात तुपाचं भांडं धरून उभी असलेली आई! पैगंबरांचं उत्तर आलं, हो, आईशी नातं ठेव. कुराणाच्या 60 व्या सूरेतली आज्ञाही याच प्रसंगाशी जोडून सांगतात. ज्यांनी तुमच्याशी धर्मावरून युद्ध केलं नाही, तुम्हाला घरातून हाकललं नाही, त्यांच्याशी चांगुलपणानं आणि न्यायानं वागायला अल्लाह मना करत नाही.

त्या मुलाला आमचं एवढंच विचारणं आहे की समोरच्या घरानं तुला कधी हाकललं का? शाळेतून येऊन कुलूप दिसलं की तू कोणाच्या घरी बसायचास, ते तुझ्या आईनं आम्हाला सांगितलंय. बातम्यांमध्ये दिसतात ती माणसं वेगळी, समोरच्या दारातली वेगळी. पहिल्यांचा राग दुसऱ्यांच्या डब्यावर काढू नये.

शेजाऱ्याचा राग कसा करू नये याची एक जुनी गोष्ट इमाम अबू हनीफांची सांगतात. आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान ज्या पंथाचे, तो हनफी पंथ यांच्या नावानं चालतो. राहायला इराकात कूफा शहरी, व्यवसाय कापडाचा, रात्री नमाजात जायच्या. शेजारी एक चांभार होता. दिवसभर काम करायचा, रात्री दारू पिऊन मोठमोठ्यानं एकच गाणं म्हणायचा, की लोकांनी मला गमावलं, केवढा जवान गमावला. रोज. इकडे इमामसाहेबांची नमाज, तिकडे ह्याचं गाणं. एका रात्री आवाज आला नाही. सकाळी चौकशी केली तर कळलं, पहारेकऱ्यांनी धरून नेलंय. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सुटलो. इमाम खेचरावर बसून थेट अमीराच्या वाड्यावर गेले, आपला शब्द टाकला आणि त्याला सोडवून आणलं. परतताना वाटेत त्याला विचारलं, काय रे, आम्ही तुला गमावलं का? तो म्हणाला, नाही, तुम्ही सांभाळलंत. त्याची दारू त्यानंतर सुटली असं म्हणतात. अमुक अध्यायात असं लिहिलंय, हे त्याला ऐकवावं लागलं नाही.

आणि आपल्याच परंपरेतलं विसरायला नको. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान, 'योगसंग्राम' लिहिला मराठीत. त्यांचे गुरू चांद बोधले, आणि नाथमहाराजांच्या गुरूंना, जनार्दनस्वामींनाही, त्यांच्याच कृपेतले मानतात. गुरुपरंपरेची वाट कोणाच्या अंगणातून येते हे विचारून आपण पाणी प्यायलो नाही.

शेवटी कामाचं. डबा घ्या, घरात सगळ्यांना वाढा. भांडं रिकामं परत देऊ नये ही आपली रीत आहेच. सध्या रोजे चालू आहेत, तर फळं किंवा खजूर पाठवायचे असतील तर सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचवा, म्हणजे रोजा सोडताना कामी येतील. अगदी वेळेवर बेल वाजवली तर त्यांची धांदल होते. शाकाहारी पदार्थाला सहसा अडचण नसते. एक मात्र आहे. देवाला नैवेद्य दाखवलेलं काही मुसलमान घेत नाहीत. त्यांच्याकडे अल्लाहखेरीज कोणाला अर्पण केलेलं अन्न वर्ज्य मानतात. त्यात आपल्या देवाचा अपमान समजू नये, आपणही एकादशीला भात पुढे आला तर हात जोडतोच. गणपतीत मोदक पाठवायचे असले तर नैवेद्याचं ताट वाढण्याआधीच एक डबा न चाखता वेगळा भरून ठेवा, आणि देताना सांगा, "हे आधीच काढून ठेवलेले आहेत." तेवढ्यानं त्यांना किती बरं वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसतं.

– आपल्या सेवेकरी भगिनी