विस्मृतांचा भार कोणी वाहावा?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या लोकांच्या तोंडी इतकी बसली आहे की, एखादा वृद्ध जेवून उठल्यावर घटकाभराने पुन्हा ताट मागू लागला, अथवा ज्या वाडीत जन्म गेला तेथेच घराची वाट चुकला, म्हणजे घरचे लोक हसतात किंवा चिडतात. हा रोग असेल असे त्यांच्या मनातही येत नाही. वास्तविक हा मेंदूचा रोग आहे. आलोइस आल्झायमर ह्या जर्मन वैद्याने 1906 साली एका मृत स्त्रीचा मेंदू तपासून त्याचा एक प्रकार प्रथम जगापुढे मांडला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील सुमारे 88 लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत, आणि शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे.

रत्नागिरी जिल्ह्यास हा प्रश्न विशेष जाचणारा आहे. 2001 च्या शिरगणतीत येथील वस्ती सुमारे 16 लाख 97 हजार होती, ती 2011 साली 16 लाख 15 हजारांवर आली, आणि दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया मोजल्या गेल्या. कर्ते पुरुष मुंबईस, म्हातारी माणसे गावी, आणि दोहोंच्या मध्ये एक सून, अशी कित्येक घरांची स्थिती आहे. लावणीच्या दिवसांत ती शेतावर गेली तर सासूबाई उघड्या दाराने विहिरीकडे जातील ही धास्ती. घरी राहिली तर मजुरी बुडाली. रात्री म्हातारी झोपत नाही, म्हणून तीही झोपत नाही. ह्या जागरणाचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

तेव्हा हा भार सरकारने काही अंशी उचलावा काय, हा प्रश्न उभा राहतो. कित्येक सद्गृहस्थ म्हणतात, आईबापांची सेवा हे मुलांचे ऋण. सरकारने पैसा दिला की मुले निष्काळजी होतील. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. बापाने मुलास ओळखले नाही म्हणून मुलाचे कर्तव्य संपत नाही. सावकाराची वही जळाली म्हणून कर्ज फिटत नसते. परंतु ऋण मुलाचे, आणि ते फेडते सून, ही गोष्ट आक्षेप घेणारे विसरतात. शिवाय कायद्याने मुलास भाग पाडावे म्हटले तरी अडचण आहेच. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याप्रमाणे वृद्धास न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. तो असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या कोणास करता येतो. आता ज्याला आपल्या मुलाचे नावही आठवत नाही, त्याने अधिकार द्यावा तरी कसा? न्यायाधिकरणास आपण होऊन दखल घेता येते हे खरे, पण त्यासाठी कोणी तरी त्याच्या कानी घालावे लागते.

सरकार काहीच देत नाही असेही नाही. श्रावणबाळ योजनेतून निर्धन वृद्धांस 2023 पासून दरमहा दीड हजार रुपये ठरले आहेत, म्हणजे दिवसाचे पन्नास. 2024 च्या वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी एकवार तीन हजार मिळतात. काठीने तोल सावरतो. हरवलेली वाट तिने सापडत नाही. रत्नागिरीत 1886 पासून मनोरुग्णालय आहे, त्याची गरजही आहे. पण ज्याला घरच परके वाटू लागले आहे, अशा वृद्धास अधिक परक्या जागी नेऊन ठेवणे हा, आमच्या मते, अगदी शेवटचा उपाय होय.

मग पैसा कशावर खर्चावा? शेजारी पाहावे. गोव्यात तिसवाडी व बार्देस तालुक्यांत एक प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत 2008 साली प्रसिद्ध झाला. 81 कुटुंबे निवडून त्यांपैकी निम्म्यांच्या घरी स्थानिक भाषा जाणणारी, शिकवून तयार केलेली साधी माणसे सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, जात राहिली. रोग म्हणजे काय, रोग्याशी कसे बोलावे, चिडला तर काय करावे, सरकारी मदत कोठे मागावी, हे त्यांनी घरच्यांस समजावले. रोग बरा झाला नाही. पण सांभाळणाऱ्यांच्या मनाचा ताण हलका झाला. केरळ सरकारने तर 2014 साली ह्या रोगासाठी स्वतंत्र योजना काढून दिवसा सांभाळ करणारी केंद्रेही उघडली.

आपल्या गावांत आशा सेविका दारोदार जातेच. तिच्या वहीत गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, तापाचे रोगी असतात; त्यांत स्मृती गेलेल्या वृद्धाचे घर असावे, त्या कामाचे शिक्षण तिला मिळावे, आणि त्याचा मोबदला निराळा मिळावा. ग्रामसभेत ही मागणी मांडताना मोबदल्याचे कलम प्रथम लिहावे; नाही तर सुनेच्या डोक्यावरचे ओझे उचलून शेजारच्या घरातील सुनेच्या डोक्यावर ठेवले, एवढेच व्हायचे.