आधी वेसण, मग जू

गेल्या दिवाळीला पोरगा पुण्याहून आला तो हातात एक कागद घेऊनच. फराळाचं ताट बाजूला सारून म्हणाला, "अण्णा, जीपचं बघायचंय अवंदा." आमच्या गोठ्याच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये जुनी जीप उभी आहे, तिच्याबद्दल बोलत होता. कागदावर त्याने क्रमाने लिहिलं होतं: टर्बो डिझेल इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, रुंद टायर, पॉवर स्टिअरिंग, नवे दिवे, रंग. आणि सगळ्यात खाली, "ब्रेक, पैसे उरले तर."

तो कागद मी दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. पोराला वाटलं, म्हाताऱ्याला पैशाचा आकडा जड जातोय.

आधी जीपचं कूळ सांगतो. ही गाडी जातीनं अमेरिकन. ओहायो राज्यातल्या टोलेडो गावातल्या विलीज कंपनीने दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी जीपा बनवल्या. १९४७ पासून महिंद्राने त्यांचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली, पुढं इथंच बनवायला लागले. आमची आहे ती उंच बोनेटची. तिचं हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन उंचीला जास्त, ते मावावं म्हणून बोनेटच वर उचललेलं. चार सिलिंडर, २.२ लिटर, सत्तर-बहात्तर घोड्यांचं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला बंद पडलं, आपल्याकडं त्याच्यानंतरही कितीतरी वर्षं निघत होतं.

मी पहिली जीप पाहिली ती १९७२ च्या दुष्काळात. बारा वर्षांचा होतो. आई-दादा खडी फोडायला जायचे, मी सुकडीच्या आशेनं त्यांच्या मागं. साहेब जीपमधून यायचे. धुरळा दिसला की मुकादम उठून उभा राहायचा, बायका पदर सावरायच्या. माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं की ज्याच्याकडं जीप त्याला माणसं उठून मान देतात. दहावी झालो, पुढं शिकायची ऐपत नव्हती, शेतीला लागलो. १९८४ साली सरकारी लिलावात ही गाडी निघाली. कापसाचे पैसे आणि कारभारणीच्या पाटल्या घालून घेतली.

पण पेट्रोल परवडेना. जीप प्यायची लई. म्हणून १९८७ साली तिचं मूळ इंजिन उतरवलं आणि ट्रॅक्टरचं जुनं डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी असं घरोघर चालायचं. महिंद्राने स्वतःसुद्धा ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपला दिलं होतं. ट्रॅक्टरचं इंजिन सावकाश फिरतं, त्यात या जीपच्या मागच्या हाऊसिंगला पिनियनचे ८ दात आणि क्राउनचे ४३, म्हणजे ओढ भरपूर पण पळ कमी. मिस्त्रीनं तेही दात बदलून दिले. मग गाडी चढाला ओढायला लागली आणि सपाटीला पळायलाही लागली. मी हुरळलो.

गाडी माझ्या ताब्यात देताना मिस्त्रीनं एक गोष्ट सांगितली. "इंजन बसवलंय, पण हे वजनाला जड हाय. तुम्ही शिटं भरणार. तवा मास्टर नवा टाका, लायनर टाका, पायपा बदला. आठशे रुपयांत होतंय."

मी म्हणालो, "सुगी झाल्यावर बघू."

आठशे रुपये माझ्याकडं होते. त्याच आठवड्यात मी त्यांचा टेप घेतला, दोन स्पीकर घेतले, सीटला लाल रेक्झिन मारलं आणि काचेवर कुलदैवताचं नाव रंगवलं. सुगी झाली, दुसरी झाली. धारूर ते तेलगाव शिटं मारायचो, बोनेटवरची दोघं धरून चौदा-पंधरा. लोक टेपचं कौतुक करायचे, इंजिनाचं करायचे. ब्रेकचं कौतुक दोन वर्षांत एकानेही केलं नाही.

१९८९, दसऱ्याच्या आधीचे दिवस. धारूर बालाघाटाच्या डोंगरावर, तिथून तेलगावाकडं उतरायचं म्हणजे धारूरचा घाट. अरुंद रस्ता, एकीकडं कडा, एकीकडं दरी. गाडी भरलेली. निम्म्या घाटात पायाखालचा पेडल मऊ लागायला लागला, मग तळाला गेला. आता मला त्यातलं कळतं. ड्रम तापला की फुगतो, आतल्या लायनरला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त सरकावं लागतं, आणि तापलेलं लायनर धरत नाही. त्यात त्या गाडीला चारी चाकांचा ब्रेक एकाच मास्टरवर. एका पाइपातून तेल गेलं की चारही चाकं मोकळी. तेव्हा एवढंच कळलं की गाडी ऐकत नाही. गिअर खाली ओढला आणि गाडी कड्याला घासली. दरी चुकली. गाडी कलंडली.

चौदातले तेरा खरचटण्यावर निभावले. एका बाईचा खुब्याचा सांधा मोडला. शेजारच्या तांड्यावरची, तिशीच्या आतली. दवाखान्याचं मी बघितलं, वर चारशे रुपये दिले. गाव म्हणालं, "देवाची करणी. ब्रेक फेल झालं, त्याला कोण काय करणार." पोलिसांच्या कागदावरही तेच आलं.

माझा प्रश्न तिथून सुरू होतो. "ब्रेक फेल झालं" या बोलण्यात माणूस कुठंच नाही. जसं काही ब्रेकनं मनानं ठरवलं. ब्रेक घाटात फेल झालं नव्हतं, दोन वर्षांपूर्वी टेपच्या दुकानात झालं होतं. फक्त कळलं घाटात.

त्या बाईचं पुढं काय झालं ते आमच्या जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता, उचल निम्मी. त्या वर्षी दिवाळीनंतर टोळी ऊसाच्या पट्ट्याला गेली तेव्हा तिचा नवरा अर्धा कोयता म्हणून गेला. पुढच्या वर्षीही. मग त्यांची थोरली पोरगी शाळा सोडून बापाच्या जोडीला गेली, तेव्हा कुठं कोयता पुरा झाला. माझ्या टेपची किंमत त्या पोरीनं मोळ्या बांधून फेडली.

मी तिच्याकडं गेलो ते बारा वर्षांनी. तिनं चहा केला. लंगडतच केला. म्हणाली, "गाडीला व्हायचं ते झालं, तुम्ही कामून जिवाला लावून घेता?" मिस्त्रीनं मला सांगितलं होतं, हे माझ्या तोंडून निघालं नाही. चहा पिऊन आलो.

पोराला हे सगळं दिवाळीत पहिल्यांदा सांगितलं. तो गप्प बसला. मग म्हणाला ते मात्र खोटं नव्हतं. "अण्णा, तुमचं खरं हाय. पण आता रस्ते बदलले. मांजरसुंब्याहून हायवेला लागलं आणि आपण चाळीसनं चाललो, तर मागचा ट्रक येऊन ठोकंल. कमी ताकदीची गाडी बी दुसऱ्याला धोकाच हाय की."

बरोबर आहे. ताकद वाढवणं हे पाप नाही. मूळ इंजिन जपण्यात पुण्य आहे असंही मी म्हणणार नाही, मीच ते भंगारात घातलं. २०२१ साली सरकारने ५० वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेजचा वेगळा नंबर काढला, पण गाडी मूळ रूपात पाहिजे आणि रोजच्या वापराला, धंद्याला चालत नाही. ते दार मी माझ्या हातानं १९८७ लाच लावून घेतलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करून गाडी नोंदता येत नाही. पोरगा ते सगळं वाचून आला होता. कायद्याचं त्याला माझ्याहून जास्त कळतं.

माझं म्हणणं फक्त क्रमाचं होतं. पोरानंच मला हिशेब सांगितला की गाडीचा वेग दुप्पट झाला की ती थांबवायची मेहनत चौपट लागते. चाळीसची ऐंशी झाली तर ब्रेकला चारपट काम. म्हणजे इंजिनावर खर्च केला त्याच दिवशी ब्रेकची उधारी चढते, आणि ती उधारी आपल्या नावावर लिहिली जात नाही. रस्त्यानं जाणाऱ्याच्या, मागच्या सीटवर बसलेल्याच्या नावावर लिहिली जाते. जोराचा फायदा बहुतेक धन्याचा असतो. आवर असतो तो दुसऱ्यासाठी. म्हणून जोर आधी सुचतो आणि आवर पैसे उरले तर.

हे जीपपुरतं नाही. मी बोअरची मोटार पाचाची साडेसात घोड्यांची केली तेव्हा असंच झालं. माझा ऊस तरारला. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला गेलं. तो भावकीतला, बोलला नाही, पण पुढच्या साली त्यानंही मोठी मोटार आणली. आता दोघांच्याही बोअरला एप्रिलात हवा येते. मोटार किती घोड्यांची घ्यायची याचा विचार आम्ही दोघांनी केला. किती तास चालवायची, याचा कुणीच केला नाही.

आमचे दादा अडाणी होते. पण गोऱ्हा दोन-अडीच वर्षांचा झाला की आधी त्याचं नाक टोचून वेसण घालायचे. जखम वाळू द्यायचे, दाव्याची सवय लावायचे. मानेवर जू त्याच्या नंतर. मी एकदा विचारलं, गोऱ्हा तर तयार दिसतोय, औताला का धरत नाही? म्हणाले, "ताकद त्याच्यात आलीय, ती दिसतीच. आपल्या हातात काय आलंय ते बघ."

शेवटी आमचं असं ठरलं. कागद उलटा लिहायचा. आधी ब्रेक: पुढं डिस्क, दोन भागांचा मास्टर म्हणजे एक पाइप गेला तरी दोन चाकं धरतील, आणि सगळ्या पायपा नव्या. मग टायर आणि स्टिअरिंग. मग परवानगी. आणि इंजिन त्याच्या नंतर, त्या ब्रेकांना झेपेल एवढंच. पोरगा थोडा हिरमुसला. ब्रेक लावून नुसती शेडमध्ये उभी असलेली गाडी मित्रांना काय दाखवणार? मी म्हणालो, काहीच दाखवू नको.

ब्रेकचे पैसे मी दिले, अवंदाच्या कापसातून. काम झालंय. मागच्या आठवड्यात पोरगा म्हणाला, "चला अण्णा, घाटात टेस्ट घेऊ." मी गेलो नाही. त्याला म्हणालो, गाडीत कुणाला न घेता एकटा जा, हळू उतर.

तो गेल्यावर मी तांड्याच्या रस्त्याला लागलो. म्हातारी आता दिसायला अधू झाली आहे. तिची ती थोरली पोरगी, तीही आता चाळिशीच्या पुढची, माहेरी आली होती. तिनंच चहा ठेवला. या खेपेला मिस्त्रीचं बोलणं आणि आठशे रुपयांचं मी दोघींसमोर सांगितलं. म्हातारी काही बोलली नाही. पोरगी चुलीपुढून उठली, कप माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "टेप कुठल्या कंपनीचा व्हता?"

मला आठवलं नाही.