खुशालीचा हक्क

‘मोबाइलमुळे जवान हळवा होतो; कारगिलचे जवान पत्रांवर लढलेच ना?’ हा युक्तिवाद मे २०२५ पासून मी वारंवार ऐकतो आहे आणि तो मला निर्दय वाटतो. ते लढले, पण पत्रे उशिरा पोहोचली म्हणून नव्हे. १९९९ मध्ये काही घरांत मृत्यूची बातमी आधी आली आणि मुलाचे पत्र नंतर. पुढेही कितीतरी वर्षे दुर्गम ठाण्यावरून उपग्रह फोनने घरी बोलायचे तर मिनिटाला ५ रुपये पडत, महिन्याचे ५०० रुपये वेगळे. २०१७ च्या दिवाळीत दर १ रुपया झाला आणि मासिक शुल्क गेले.

त्यातून युद्ध आता एकाच टोकाला राहिलेले नाही. ७ मे २०२५ रोजी पाकिस्तानविरुद्धचे ऑपरेशन सिंदूर सुरू झाले, त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरला होता. महाराष्ट्राच्या यादीतल्या पहिल्या गटात तीनच नावे होती: मुंबई, उरण आणि तारापूर. तारापूरच्या १९६९ पासूनच्या अणुवीज केंद्राशेजारी राहणाऱ्या बोईसरकरांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इथला मुलगा सीमेवर राजौरीला असेल, तर काळजी दोन्हीकडे होती. घरचे ठीक आहेत हे त्याला कळू न देण्यात कसले शौर्य?

पण एक आक्षेप बाजूला सारता येत नाही. २०२३ चे नवे वर्ष लागता लागता युक्रेनने माकीव्का इथल्या रशियन सैनिकांच्या मुक्कामावर रॉकेट सोडली. ८९ सैनिक मेल्याचे रशियाने मान्य केले आणि कारण दिले, बंदी असूनही चालू असलेले मोबाइल. इतक्यांना एकाच इमारतीत कोंबणाऱ्या अधिकाऱ्यांचा दोष झाकायला हे कारण पुढे केले, असे रशियातूनच म्हटले गेले आणि मलाही ते पटते. तरीही चालू फोनचे संकेत शत्रूला टिपता येतात, हे सत्य उरतेच. व्हिडिओ कॉलवर आई ‘कुठे आहेस?’ विचारते, तो खिडकीबाहेरची टेकडी दाखवतो, आणि तेवढ्यात तुकडीचा ठावठिकाणा उघडा पडू शकतो. म्हणून, वर एवढे भांडूनही, मोहिमेच्या काळात फोन बंदच असावेत या मतावर मी आलो आहे.

मग मागायचे काय? बंद होण्याआधीची सूचना. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘लास्ट सीन’ परवाच्या वेळेवर थांबलेले असते, टीव्हीवर त्याच सीमेची खरीखोटी दृश्ये चालू असतात आणि बायको आळीपाळीने दोन्हींकडे बघत बसते. ‘आजपासून फोन बंद, पुढची खबर आम्ही देऊ’ असा निरोप युनिटने द्यावा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाने रात्रंदिवस मराठीत उत्तर देणारा एक क्रमांक ठेवावा. ठिकाण न सांगताही खुशाली सांगता येते.

सूचनेविना आलेली शांतता काय करते, हे पालघर जिल्ह्याला पक्के ठाऊक आहे. डहाणू-तलासरीचे आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तान त्यांना पकडतो आणि ते कराचीच्या तुरुंगात पडतात. ते सैनिक नाहीत, पण त्यांना भोवते ते वैर तेच. २००८ च्या करारानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात. वकिलातीच्या भेटीची तरतूद त्यात आहे, घरी फोन करण्याची नाही. त्याच १ जानेवारीला, १९८८ च्या वेगळ्या करारानुसार, अणुकेंद्रांच्या याद्याही दिल्या जातात, त्यांच्यावर हल्ला होऊ नये म्हणून. मे २०२५ च्या संघर्षानंतर १ जुलैलाही कैद्यांच्या याद्या दिल्या गेल्या. एवढे वैर असताना कागद सीमेपलीकडे जातो, तर महिन्यातून एक फोनही जाऊ शकतो. पालघरच्या लोकप्रतिनिधींनी याद्यांच्या पुढच्या तारखेआधी ही मागणी दिल्लीत लावून धरावी.